टोपलीखालचं पीठ

विज्ञान प्रदर्शनीत मला कधी नंबर मिळाला नाही आणि त्याची मला खंतही नाही. माझा राग आहे तो ज्वालामुखीवर. आमच्याकडच्या कोणत्याही प्रदर्शनीत जा, मातीचा डोंगर, त्याच्या पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फसफसून फेस आला की परीक्षक खूश, पाहुणे खूश, फोटो काढणारे खूश. भंडारा जिल्ह्यात ज्वालामुखी पाहिलाय कोणी? इथे तलाव आहेत, धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं आहेत, जंगल आहे. पण मान कायम ज्वालामुखीचा. त्याच्या शेजारी सिरिंजांवर चालणारा जेसीबी आणि थर्माकोलचं आदर्श गाव, ज्यात झाडं असतात, सोलर दिवे असतात आणि माणूस एकही नसतो.

मी सातवीत होते तेव्हा आमच्या सरांनाही या सगळ्याचा वीट आला होता. आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं, तलावाला चिकटून. शाळा जिल्हा परिषदेची. सरांनी एक दिवस फळ्यावर लिहिलं, ‘रात्री आपल्या तलावावर कोण येतं?’ आणि मला व माझ्या मैत्रिणीला उभं करून म्हणाले, "तुम्ही दोघी वर्गात लय बोलता. आता महिनाभर तोंड बंद ठेवायचं आन् खाली पाहून चालायचं. हाच तुमचा प्रयोग."

काम तसं सोपं होतं. तलावाच्या काठच्या चिखलात प्राण्याचं पाऊल शोधायचं. त्याच्याभोवती पुठ्ठ्याची पट्टी गोल उभी करायची. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात ताकासारखं कालवून हलक्या हाताने आत ओतायचं आणि घट्ट झालं की उचलायचं. पावलाचा खळगा ठशावर फुगवटा होऊन येतो. गावात एका नव्या घराचं सिलिंग चाललं होतं, तिथल्या कारागिराने उरलेलं अर्धं पोतं आम्हाला असंच देऊन टाकलं. दात घासायचा जुना ब्रश माती झाडायला, कपड्यांवर पाणी मारायची बाटली कोरड्या धुळीवर फवारा द्यायला. झाली आमची प्रयोगशाळा.

पहिले काही दिवस मजा वाटली. मोर, मुंगूस, कोल्हा, रानडुक्कर. मग हळूहळू ती मजा निराळीच होत गेली. एकदा खाली बघायची सवय लागली की सुटत नाही. ज्या वाटेने मी रोज दूध आणायला जायची, त्याच वाटेवर मला दिसायला लागलं की माझ्या कालच्या चपलेच्या ठशावर कोणाचं तरी पाऊल आहे. माझ्या मागून, माझ्याच वाटेने, कोणीतरी आमच्या दारापर्यंत आलं होतं आणि तिथून वळून गेलं होतं. कोल्हा होता, एवढंच. पण तो आमच्या दारापुढे थांबला होता हे चिखलात स्पष्ट दिसत होतं, आणि तेव्हा आत आम्ही सगळे झोपलेले होतो.

एक दिवस शाळेच्या बोरिंगभोवती, जिथे आम्ही डबे धुतो तिथे, मोठी गोल पावलं सापडली. मांजरासारखी, नखं नसलेली, माझ्या तळहाताएवढी. सर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग उठले आणि त्या दिवसाची प्रार्थना वर्गात दारं लावून घेतली. आम्ही त्या पावलाचाही ठसा घेतला. मला तो हातात धरवत नव्हता.

माझी मैत्रीण माझ्याहून या कामात पुढे होती. मला फक्त प्राणी ओळखू यायचा. तिला तो घाईत होता की निवांत, हेसुद्धा सांगता यायचं. आमच्या रस्त्यावरच त्यांचं खळं होतं. धानाच्या गंजीपाशी तिचे बाबा उभे असायचे आणि आम्ही परतताना ओरडून विचारायचे, "काय वो बाई, आज कोन आलतं तलावावर?" ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून ठसा काढून दाखवायची. ते तो उलटासुलटा करून बघायचे आणि मुद्दाम चुकीचं नाव सांगायचे, म्हणजे ती चिडेल. ती चिडायची. रोज.

मळणी चालू असतानाच ते गेले. दुपारी छातीत दुखतं म्हणून खळ्यावरून घरी आले, मधल्या खोलीत खाली आडवे झाले. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरच्या लोकांना ती सांगितली की ते हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. ज्या जागी माणसाचा जीव गेला, ती जागा सारवून घेतात. संध्याकाळी तिथे तांदळाचं पीठ कापडातून चाळून पातळ पसरतात, अगदी सारखं, कुठे बोट लागू न देता. शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी घरचे सगळे जमून टोपली उचलतात. पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं असेल, त्या योनीत तो जीव गेला. मुंगी, उंदीर, पाखरू, गाय, मूल. काहीच उमटलं नाही तर तेही लोक मनात धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीने मला बोलवायला चुलतभावाला पाठवलं. सोबत निरोप होता, पीओपी घेऊन ये. मला वाटलं डोकं फिरलं हिचं. आई म्हणाली, "जाय, नाई नको म्हनू आज तिले."

मधल्या खोलीत घरची माणसं भिंतीला लागून उभी होती. टोपली बाजूला काढलेली होती. सारवलेल्या हिरवट जमिनीवर पिठाचा पांढरा गोल, आणि त्यात पाखराची पावलं. पुढे तीन बोटं, मागे एक. दोन-तीन पावलं एकामागे एक, मधोमध चालत गेल्यासारखी. खिडकी बंद होती. टोपलीवर वजन म्हणून ठेवलेला पाटा अजून बाजूलाच पडला होता. दिवा तेवढ्यात विझला आणि त्याचा जळक्या वातीचा वास खोलीभर झाला. महिनाभर मी चिखलातली पावलं बघत होते, पण घराच्या आत, बंद टोपलीखाली पाऊल बघायची वेळ आली नव्हती.

"बगळा हाये," तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले.

"बगळ्याचं लांब असते. हे टिटवीचं," मागून कोणी बाई पुटपुटली. टिटवी म्हटल्यावर खोलीत चुळबुळ झाली. टिटवीचं ओरडणं आमच्याकडे कोणाला आवडत नाही.

हे पीठ नंतर गोळा करून तलावात सोडतात. मोठे बाबा त्यासाठी सूप घेऊन खाली वाकले, तशी माझी मैत्रीण मध्ये आली. रडून तिचे डोळे सुजले होते पण आवाज खणखणीत होता. "थांबा. आम्ही याचा ठसा घेतो. मंग उचला."

"काही गरज नाई," तिची आई कोपऱ्यातून म्हणाली. मी काकू म्हणायची त्यांना. त्यांचा आवाज इतका तीक्ष्ण होता की सगळ्यांनी वळून पाहिलं. "कायले पाहिजे ठसा? पाहून झालं ना? पाखरू झाले तुहे बाबा. बस."

"पन कोनतं पाखरू, माय?"

मोठे बाबा माझ्या मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग सूप घेऊन मागे सरकले.

तिला एकही कडा सोडायची नव्हती. म्हणून आम्ही पावलांचा नव्हे, पिठाचा अख्खा गोलच ठशात घेतला. टोपलीच्या घेराएवढी पुठ्ठ्याची पट्टी उभी केली. पिठावर अगदी दुरून, धुक्यासारखा फवारा दिला. उरलेलं सगळं पीओपी कालवून कडेने सोडलं. एवढा मोठा ठसा उचलताना तुटू नये म्हणून ओल्यातच बांबूच्या कमच्या, म्हणजे बारीक पट्ट्या, आडव्या-उभ्या घातल्या. घरचे सगळे बघत होते.

आम्ही शेजारी बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने त्या पांढऱ्या गोलावर तळहात टेकवला आणि चटकन माझ्याकडे पाहिलं.

"गरम हाये."

पीओपी घट्ट होताना गरम होतं. सरांनी आम्हाला ते समजावून सांगितलं होतं, तलावावरच्या प्रत्येक ठशाला ते झालं होतं, आम्हा दोघींना ते पाठ होतं. तरी मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. ज्या जागी तिचे बाबा थंड पडले होते, तिथलीच ती ऊब होती. तिने हात काढला नाही. ऊब संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

त्यानंतर तिने पाखरं हाकलणं सोडलं. धान निघाल्यावर बांध्यांत लाखोळीची डाळ पेरलेली होती, आणि पाखरं उडवायचं काम लहान मुलांचं असतं. ती बांधावर नुसती उभी राहायची. पारवे आले, उतरले, खाऊन गेले. बगळा दिसला की ती त्याच्या मागे चालायची, टिटवी ओरडली की कान झाकायची. मोठे बाबा रागावले तर म्हणाली, "कोनतं हाकलू आन् कोनतं नाई, तुम्ही सांगा." मी एकदा तिला म्हटलं, हे सगळं तसं खरं नसतं. तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. माझी जीभ अशीच आहे, नको तेव्हा चालते.

मग तिला कोणीतरी सांगितलं की तालुक्याच्या प्रदर्शनीत एक परीक्षक वनखात्यातून निवृत्त झालेले आहेत, जन्मभर जंगलात हिंडलेले, पावलावरून प्राणी सांगणारे. त्या दिवसापासून तिला प्रदर्शनीशिवाय दुसरं काही सुचेना. तिला नंबर नको होता. तिला त्या माणसाकडून एका पाखराचं नाव हवं होतं.

सरांना तो मोठा ठसा आवडला नाही. वर्गातल्या कपाटावर ठेवला तर त्याला मुंग्या लागायच्या, कारण पीठ कितीही झाडलं तरी थोडं चिकटून राहिलं होतं. रोज सकाळी भिंतीवरून मुंग्यांची रांग त्याच्यापर्यंत गेलेली दिसायची आणि मुलं त्या बाजूला बसेनाशी झाली. "हे नको ठेवू बाई प्रदर्शनीत," सर तिला हळू आवाजात म्हणाले. "हे घरचं असते."

"सर, मले फक्त विचारायचं हाये."

सरांनी मान डोलावली. प्रत्येक ठशाखाली आम्ही नावाची चिठ्ठी चिकटवली होती. त्या एका ठशाखाली चिठ्ठी कोरी राहिली.

लाखांदूरला आम्ही एसटीने गेलो. सर, आम्ही दोघी, आणि काकू. काकूंना यायचं नव्हतं, पण मैत्रीण हटूनच बसली होती की नाव सांगतील तेव्हा आईने ऐकायला पाहिजे. मोठा ठसा साडीत गुंडाळून काकूंनीच मांडीवर घेतला होता. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हात ठशाभोवती आवळत होत्या.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं लावली होती. आमच्या एका बाजूला ज्वालामुखी, अर्थातच. दुसऱ्या बाजूला मातीचं धरण, त्यासाठी आणलेली ओली माती घमेल्यात शिल्लक. गोंगाट इतका की आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. आमच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर मुंग्या कुठून आल्या देव जाणे, पण दुपारपर्यंत त्या मोठ्या ठशापर्यंत पोचल्या होत्या.

ते परीक्षक आले. उंच, हडकुळे, केस पिकलेले. कोल्हा, मोर, डुक्कर यांवरून त्यांनी नुसती नजर फिरवली. बोरिंगवरचं पाऊल उचलून म्हणाले, "मादी हाये. पोट भरलं होतं तिचं." आणि सरांकडे पाहून भुवई उडवली. मग मोठ्या ठशापाशी थांबले.

"याच्यावर नाव नाई?"

"तुम्हीच सांगा सर," माझी मैत्रीण म्हणाली. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. "कोनतं पाखरू हाये?"

त्यांनी ठसा उचलून उजेडाकडे धरला. नखाने पिठाचा कण खरवडून वास घेतला. "तांदूर?" एवढंच विचारलं. आमच्याकडचेच होते, त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी शेजारच्या घमेल्यातली ओली माती मागून घेतली, टेबलावर थापून सपाट केली आणि ठसा त्यावर उलटा दाबला. उचलला तेव्हा त्या सकाळचा पिठाचा गोल मातीत जसाच्या तसा उमटला होता. आत गेलेली पावलं पुन्हा आत गेलेली दिसत होती.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी आपलं मधलं बोट पाखराच्या पुढच्या बोटाच्या खाचेत हलकेच ठेवलं. ते त्यात बसलं. दुसऱ्या खाचेत ठेवलं. बसलं.

"हे पाखरू नाई, बाई," ते म्हणाले. "पाखराच्या नखाची खून टोकदार येते, काट्यावानी. हे पाह्य, टोकाले कशी गोल रेघ हाये. मानसाचं नख हाये हे. कोनीतरी बोटानं काढलं."

माझ्या मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली.

"तू काढलं. ठसा घेताना तू काढलं. नंबर यावा म्हनून."

मी जन्माची भांडकुदळ, पण ठसा घेताना अख्खं घर बघत होतं हेही मला त्या वेळी सुचलं नाही. मला नुसतं रडू आलं, आणि ते रडणं बघून तिला तर ते पटलंच असावं.

"तिनं नाई," मागून काकू म्हणाल्या. "मी काढलं."

त्या टेबलाजवळ आल्या. मुलीकडे न बघता, मातीवरच्या गोलाकडे बघत बोलल्या. "पहाटे सगळ्याईच्या आधी मी उठली. टोपली उचलून पाह्यली. पीठ साफ होतं. दुधावरच्या सायीवानी साफ. काहीच नव्हतं. मले वाटलं, तू पाहिशीन, तुले वाटन का बाबा आलेच नाई. म्हनून मी बोटानं पाखरू काढलं, टोपली पालथी घातली आन् पाटा ठेवून तिथंच बसून राहिली तुम्ही उठेपर्यंत."

हॉलमध्ये ज्वालामुखी फसफसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की मला माझा राग विसरायला झालं. रिकाम्या पिठाची खबर तिला आता, एवढ्या दिवसांनी, गर्दीत उभं राहून मिळत होती.

परीक्षक अजूनही वाकलेलेच होते. "तुम्ही पूर्न गोलावर हात फिरवला का?" त्यांनी काकूंना विचारलं.

"नाई. फक्त मधात. हे एवढे पाय काढले."

"मंग हे कोनी केलं?"

त्यांनी गोलाच्या कडेला बोट दाखवलं. आम्ही तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. आमचे डोळे कायम पाखराच्या पावलांवर. कडेला एक उथळ, रुंद खळगा होता, बशीएवढा. त्यात बोटं नव्हती, नखं नव्हती. बाकीच्या गोलात माती खरबरीत उमटली होती, पिठाच्या कणांसारखी. तिथे मात्र ती फरशीसारखी गुळगुळीत होती, म्हणजे तिथलं पीठ वजनाने दबून घट्ट झालं होतं. पोत्यावर कोणी बसून उठलं की जसा दाब राहतो, तसा.

काकूंनी टेबलाला हात टेकला. "हे नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पाखरू काढलं तवा हे नव्हतं. मी दिव्याच्या उजेडात पाह्यलं होतं ना. साफ होतं."

"पाऊल नाई हे," परीक्षक म्हणाले. ते आता आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "बसल्याची जागा हाये. ससा गवतात बसून उठते तवा अशी जागा राहते. पन ससा आत येऊन बसला तर येतानाचे पाय दिसन, जातानाचे दिसन. याले येनं नाई, जानं नाई." त्यांनी खळग्यात हाताची मूठ ठेवून पाहिली, तळहात ठेवून पाहिला, आणि हात काढून रुमालाला पुसला. "टोपली केवढी होती?"

मैत्रिणीने हातांनी घेर दाखवला.

"आन् वर पाटा."

"हाव."

ते जरा हसल्यासारखे झाले, पण ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. "कोन बसलं ते मले नाई सांगता येत, बाई. मी उगाच नाव सांगत नाई," ते म्हणाले, आणि मातीचा तो गोल त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून, मळून, घमेल्यात परत टाकला. मग पुढच्या टेबलाकडे गेले. जाताना त्यांनी मागे वळून एकदा काकूंकडे पाहिलं.

पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. सांगायचं म्हणून सांगते.

परतीच्या एसटीत सर पुढे बसले. आम्ही तिघी मागच्या लांब सीटवर. काकूंच्या मांडीवर साडीत गुंडाळलेला ठसा तसाच होता, पण आता त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता. हात त्यांनी दोन्ही बाजूंना सीटवर ठेवले होते. मैत्रीण माझ्याशी बोलली, म्हणाली, "तुह्यावर उगाच आळ घेतला," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी खिडकीतून बांध्या बघत होते. उन्हं कलली होती आणि पाखरं तलावाकडे परतत होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माय, पाऊल म्हंजे कुठं गेलं ते दिसते. हाव ना?"

"हाव."

"आन् बसल्याची जागा म्हंजे?"

काकूंनी सीटची कड घट्ट धरली.

"म्हंजे बाबा कुठं गेलेच नाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तिच्यापासून थोडं सरकून बसावंसं वाटलं. "तू टोपलीपाशी बसली होती ना? ते तुह्यासमोरच बसून होते. तुले दिसले नाई फक्त."

मी काकूंकडे पाहिलं. आजवर त्या घरात त्या एकट्याच अशा होत्या ज्यांना माहीत होतं की पीठ रिकामं होतं. त्या ज्ञानावर त्या रोज उठत होत्या, मधली खोली झाडत होत्या, त्याच जमिनीवर अंथरूण घालून मुलीला जवळ घेऊन झोपत होत्या. आता तेही ज्ञान त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. पण ते पुरतं खरं नाही. भीतीमध्ये दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला त्या वयात कळण्यासारखं नव्हतं.

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सर त्यांच्या वाटेने गेले. माझं घर पुढे, म्हणून मी त्या दोघींबरोबर त्यांच्या दारापर्यंत गेले. घराला बाहेरून कुलूप होतं. मोठे बाबा शेजारच्या त्यांच्या घरी होते, अंगणात त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. काकूंचं घर मात्र आतून अंधारलेलं.

मैत्रीण ठसा घेऊन ओट्यावर चढली आणि वाट पाहत उभी राहिली. काकूंनी कमरेची किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तशाच थांबल्या. मला वाटलं त्या मागे फिरतील आणि म्हणतील, चला, आज मोठ्या बाबाकडे निजू. मला ते मनापासून हवं होतं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, तो हनुवटीपाशी नीट धरला, आणि बंद दाराकडे तोंड करून, बाजारातून उशिरा परतलेली बाई नवऱ्याला सांगते त्याच आवाजात म्हणाल्या,

"अवो, आलो आमी."

आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबून त्यांनी कुलूप उघडलं.